मागचे ब्रेक पॅड घरी बदलावेत का?

प्रश्न : गाडीचे मागचे ब्रेक पॅड सोसायटीच्या आवारात मीच बदलू शकतो का? – एक वाचक, शहाड

उत्तर : आधी मागे डिस्क आहे का ते पाहा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतो. त्यात पॅड नव्हे, ब्रेक शू असतात. ते काम मेकॅनिककडेच द्या. डिस्क असेल तर सपाट जागी पुढच्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर विसंबू नका. कॅलिपर नळीवर लोंबकळू देऊ नका. मागचा पिस्टन अनेक गाड्यांत फिरवतच आत न्यावा लागतो. जोराने दाबल्यास बिघडतो. इलेक्ट्रिक हँडब्रेक असल्यास गॅरेज गाठा. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदला. पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा आणि माळशेज घाटाकडे निघण्याआधी आवारातच ब्रेक तपासा.