घरचे कागद एकदा पाहून घ्या



एका माणसाने प्रभू येशूकडे येऊन भावाबरोबरच्या वाटणीची तक्रार मांडली (लूक १२:१३). प्रभूने वाटण्या करून देण्याचे नाकारले आणि लोभापासून सावध केले. वाटणीवरून तुटलेली घरे आजही दिसतात. सणसवाडीत कारखाने आले, जमिनीचे मोल वाढले. कामगारांच्या नावावर पीएफ, विमा, ठेवी आहेत. आपल्यामागे त्याचे काय होईल, हे मात्र घरात कोणी बोलत नाही.

१) नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर २०१३ मध्ये वारले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते. काही म्युच्युअल फंडांना नॉमिनीही लावले होते. वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी कोर्टाने निकाल दिला, की नॉमिनी लावल्याने वारसांचा हक्क जात नाही. मालकी मृत्युपत्राप्रमाणे आणि ते नसल्यास वारसा कायद्याप्रमाणे ठरते. बँकेतील ठेवींनाही हेच तत्त्व आहे. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीपासून आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असल्यास रक्कम त्यांचीच होते.

२) मृत्युपत्र नसेल तर

आपल्याला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू आहे. पती वारल्यास पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश मिळते. मुलगा, मुलगी, लग्न झालेली लेक, सर्वांचा वाटा सारखा. पत्नी वारल्यास पतीलाही हाच नियम. पण मुले असतील तर मृताच्या आई-वडिलांना काहीच मिळत नाही. ज्याच्या आधारावर म्हातारी आई जगते, त्याने तिची सोय लिहूनच ठेवली पाहिजे.

३) लग्न झाले की जुने मृत्युपत्र रद्द

याच कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे ख्रिस्ती व्यक्तीने लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्न होताच रद्द होते. हिंदूंना हा नियम नाही. म्हणून शेजाऱ्याचा सल्ला आपल्याला पुरत नाही. एखाद्या विधुराने पहिल्या पत्नीच्या मुलांसाठी मृत्युपत्र केले आणि पुढे दुसरे लग्न केले, तर तो कागद संपला. त्याने ते नव्याने करावे.

४) मृत्युपत्र कसे करावे

साधा कागद चालतो. स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करावी, आणि त्यांनी आपल्यासमोर सह्या कराव्यात. साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला काही देऊ नये. ते देणे रद्द ठरते. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे केलेली बरी. मुले लहान असतील तर पालक नेमावा. जमिनीचा गुंता असेल तर वकिलाला विचारावे.

या आठवड्यात एवढे करा

पासबुक, विमा पॉलिसी, पीएफ आणि सातबारा एकत्र काढा. प्रत्येकावर कोणाचे नाव आहे ते पाहा. वारलेल्या वडिलांचे नाव अजून नॉमिनी म्हणून आहे का? लग्नानंतर पत्नीचे नाव घातले का? १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी, प्रत्येकाच्या हिश्श्यासह, लावता येतात. घरात लग्न, जन्म किंवा मृत्यू झाला की हे कागद पुन्हा पाहा, आणि ते कोठे ठेवले आहेत हे पती-पत्नी दोघांनाही ठाऊक असू द्या.