डोळे पिवळे होण्यापूर्वी

वसतिगृहात कुणाचे डोळे पिवळे दिसले, की आपण लगेच त्याचे ताट-पेला वेगळे करतो. परंतु अन्नपाण्यातून पसरणाऱ्या 'ए' प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसायला १५ ते ५० दिवस लागतात. आणि विष्ठेवाटे तो सर्वाधिक बाहेर पडतो, तो डोळे पिवळे होण्यापूर्वीच्या एक-दोन आठवड्यांत. म्हणजे मित्र धडधाकट समजून आपण एका ताटात जेवत होतो, तेव्हाच धोका अधिक होता! संडासाहून येऊन, बोटे नुसती ओली करून, माठात पेला बुडवणारे आपल्यात थोडे नाहीत. (प्रस्तुत लेखकही त्यांतलाच.) साबणाने निदान २० सेकंद हात चोळावेत, नखांखालीही. माठाला ओगराळे असावे. खोलीतला एकजण आजारी पडलाच, तर इतरांनी दोन आठवड्यांच्या आत डॉक्टरांना लसीविषयी विचारावे.