आपली ‘पूर्ण’ शाळा

आपल्या फलकावर ‘जिल्हा परिषद पूर्ण प्राथमिक शाळा’ असे लिहिले आहे. हा ‘पूर्ण’ शब्द कशाला, असे मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, पूर्ण म्हणजे सातवीपर्यंतची. लहान गावात शाळा चौथीलाच थांबते.

मला आधी वाटले, यात काय एवढे! मग आजीचे ऐकले. तिचे माहेर आपल्याच पनवेल तालुक्यात, खाडीकाठी. तिथे शाळा चौथीपर्यंत. पाचवीसाठी होडीतून पलीकडे जावे लागे. मामाआजोबा गेले, आजीला नाही पाठवले. “चौथी झाली नि पाटी गेली माळ्यावर,” ती म्हणते. गणितात ती मामाआजोबांच्या पुढे होती. (हे तीच सांगते, पण ते नाही म्हणत नाहीत!)

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सांगितले होते की, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा. बारा वर्षे म्हणजे साधारण आपली सहावी-सातवी. १९११ साली नामदार गोखले यांनी सक्तीच्या शिक्षणाचे बिल आणले, ते पुढच्या वर्षी नामंजूर झाले. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुंबई इलाख्याचा कायदा १९२३ चा. तेव्हापासून गावच्या शाळा लोकल बोर्डाकडे आल्या, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा झाल्यावर त्यांच्याकडे. त्या वेळी आपला जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ पासून.

जुन्या काळी सातवीला फार मान. तिची परीक्षा म्हणजे ‘व्हर्नाक्युलर फायनल’. ती पास झालेला मनुष्य शाळामास्तर होऊ शके, आणि ऐटीत नावापुढे ‘व्ह. फा.’ लिही. आपल्याला आज सातवी म्हणजे काहीच वाटत नाही!

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू आहे. त्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. म्हणजे आपल्याला आठवीचा वर्गही जवळ मिळाला पाहिजे. पालक मंडळींनी हे लक्षात ठेवावे, विशेषतः ज्यांच्या घरी मुली आहेत त्यांनी.

प्रत्येक शाळेत एक जनरल रजिस्टर असते. जन्मतारीख, कधी दाखल झाला, कधी नाव काढले, सगळे त्यात. मागे आजीला वयाचा दाखला हवा होता, म्हणून बाबा तिला तिच्या जुन्या शाळेत घेऊन गेले. मीपण गेलो. बाईंनी पिवळे पडलेले रजिस्टर काढले. आजीचे नाव सापडले. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचे कारण होते : ‘चौथी पास. पुढे वर्ग नाही.’

आजीने ते स्वतः वाचले. मग बाईंना म्हणाली, “अक्षर आमच्या गुरुजींचंच आहे.”

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी