लंपी : रोग एकाचा, काळजी सर्वांची



ऊसतोडीच्या हंगामात गाडीची बैलं दूरदूरहून येतात. एकाच तळावर बांधली जातात, एकाच हौदावर पाणी पितात. म्हणून गुरांची साथ ही ज्याच्या त्याच्या गोठ्यापुरती राहत नाही. हा धडा आपण जवळूनच शिकलो आहोत. सन २०२२ मध्ये राज्यातील लंपीचे पहिले जनावर ४ ऑगस्टला आढळले, ते फैजपूरशेजारच्या चिनावल (ता. रावेर) गावी. पुढे सप्टेंबरात सारे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले व गुरांचे बाजार बंद पडले.

लंपी हा देवीच्या जातीच्या विषाणूचा रोग. डास, चावणाऱ्या माश्या व गोचीड यांमुळे तो पसरतो. प्रथम ताप येतो, डोळ्यांनाकातून पाणी गळते, जनावर चारा सोडते. मग अंगभर गाठी उठतात, पाय सुजतात. दूध आटते, बैल कामातून जातो. गाय-बैलांना हा रोग म्हशीपेक्षा जास्त होतो. माणसाला तो होत नाही.

विषाणूवर नेमके औषध नाही. सुई दिली जाते ती ताप उतरावा व जखमा चिघळू नयेत म्हणून. खरा उपाय म्हणजे लस. शेळ्यांच्या देवीची लस त्या वर्षी सरकारने मोफत टोचली. पण टोचल्याबरोबर जनावर सुरक्षित होत नाही; अंगात ताकद यायला सुमारे तीन आठवडे लागतात. तेव्हा साथ दाराशी आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. लस निरोगी जनावरालाच टोचावी, आणि प्रत्येकाला सुई वेगळी वापरावी.

आमचे सांगणे एवढेच :

१) गाठ दिसताच जनावर वेगळे बांधा, त्याचे पाणी-वैरण वेगळी ठेवा.

२) त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००९ च्या कायद्याने हे मालकावर बंधनकारक आहे.

३) आजारी बैल गाडीला जुंपू नका, बाजारात नेऊ नका.

४) गोठा कोरडा ठेवा, गोचीड काढा, शेणाचा ढीग लांब टाका.

५) टोळीची बैलं लस टोचलेली आहेत का, हे हंगामाआधीच गाडीवानाला विचारा.

२०२२ मध्ये लंपीने दगावलेल्या गायीस ३० हजार, बैलास २५ हजार व वासरास १६ हजार रुपये शासनाने दिले. पण ज्याने रोग लपवला, त्याने शेजाऱ्याची जोडीही धोक्यात घातली. बैलजोडी बसली तर ऊस फडातच वाळतो, हे आपणांस सांगायला नको.