शरीराची राखण का थकते?



उसाच्या पत्रकात काविळीचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण कळसाडीच्या शिवारबैठकीत एका सभासदाने आम्हाला विचारले, "साहेब, डोळे पिवळे नाहीत, अंगात ताप नाही, मग 'बी' आणि 'सी' काविळीसाठी रक्त कशाला तपासायचं?" प्रश्न रास्त आहे. आम्ही समजून घेतले ते आपल्या भाषेत सांगतो.

दूषित पाण्यातून होणारी 'ए' व 'ई' कावीळ बहुधा आपोआप बरी होते. 'बी' व 'सी'चे विषाणू मुख्यतः रक्तातून येतात आणि यकृतात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकू शकतात. उसात खोडवा खुजा राहण्याचा रोग असतो ना, तसेच हे. बाहेरून खूण दिसत नाही, कोयत्यातून पसरतो, उत्पादन घटले की कळते. इथे कोयत्याच्या जागी सुई. 2009 साली शेजारच्या गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने 'बी'ची साथ आली, माणसे दगावली.

आता मुद्द्याची गोष्ट. रक्तातील टी-पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. शत्रू आला की एकाचे अनेक होतात. तो गेला की थोडे आठवण ठेवून मागे राहतात. शत्रू हटतच नसेल तर? काही राखणदार थकून हत्यार टाकतात. काही इतक्यांदा विभागतात की पुढे विभागणेच थांबते, कारण प्रत्येक वेळी गुणसूत्राचे टोक थोडे झिजते. एकाच बुडख्यावर खोडव्यामागून खोडवा घेतला की फुटवा कमी आणि ऊस बारीक होत जातो, तशातला प्रकार. त्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या पेशी लवकर मरत नाहीत, उलट अंगात दाह वाढवतात. त्यात नव्या टी-पेशी घडवणारी छातीतील ग्रंथी वयाबरोबर आक्रसते. म्हणजे बेणेमळाच आटतो. मग चाळिशीतल्या माणसाची राखण वयापेक्षा जुनी होते. इतर रोग जोर करतात, लसही कमी लागू पडते.

उपाय आहे. 'सी' साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरात 95 हून अधिक रुग्णांत बरी होते. 'बी' औषधाने दाबून ठेवता येते. पण विषाणू गेला तरी थकलेली राखण पूर्ववत होतेच असे नाही. काही खुणा मागे राहतात. म्हणून उशीर नको. 28 जुलै 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांतून तपासणी व औषध मोफत आहे.

एवढे करा :

1. पूर्वी रक्त चढवले असेल, गोंदले असेल किंवा जुन्या सुईने इंजेक्शन घेतले असेल, तर एकदा रक्त तपासा.

2. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत 'बी'ची लस द्या. तान्हेपणी लागण झाली तर शंभरात नव्वदांच्या आसपास मुलांत ती कायमची राहते. मोठेपणी पाचांहून कमी जणांत.

3. इंजेक्शनची सुई नवीनच हवी. वस्तरा प्रत्येकाचा वेगळा ठेवा. लागण असेल तर दारू बंद.

4. एका ताटात जेवल्याने हा रोग पसरत नाही. घरच्या माणसाला वेगळे काढू नका.

तोडणीच्या टोळ्यांनाही हे सांगा. बेणे तपासल्याशिवाय आपण लागण करीत नाही. मग स्वतःच्या रक्ताबाबत हयगय कशाला?