खटल्याच्या नावात नसलेली मुलगी

सिव्हिल लाइन्स, नागपूर

चि. बेटा,


खोली सोडून दोन महिने झाले तरी मालक डिपॉझिट परत देत नाही, आणि पोलीस ठाण्यात गेलीस तर ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणून परत पाठवलं. परवा फोनवर तू चिडून विचारलंस, ‘मामा, पैसे बुडवणं गुन्हा नाही का?’ कायद्याचं शिक्षण इथूनच सुरू होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

देणं थकवणं हा दोघांमधला वाद. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावायचा. तू वादी, मालक प्रतिवादी. तो आपली कैफियत देईल, पुरावा होईल, शेवटी हुकूमनामा निघेल. तरीही पैसे दिले नाहीत तर वसुलीसाठी दरखास्त. अशा वसुलीच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते, ती हातची जाऊ देऊ नकोस. मात्र पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता, असं दाखवता आलं तर ती फसवणूक, म्हणजे गुन्हा. एकाच घटनेतून दोन्ही वाटा फुटू शकतात.

फौजदारीत तू फक्त फिर्यादी. खटला चालवतं राज्य, कारण गुन्हा सगळ्या समाजाविरुद्ध मानला जातो. दिवाणीत कोणाची बाजू जास्त संभवनीय, एवढं पाहतात. फौजदारीत माणसाचं स्वातंत्र्यच पणाला लागतं, म्हणून दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो.

या नियमाची दुसरी बाजूही बघ. मार्च 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद होती. गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. 1976 मध्ये उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं. भीतीने शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, असं सांगितलं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अंगावर जखमा नाहीत, हे त्यामागचं एक कारण.

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अशा खटल्यात संबंध सिद्ध झाले आणि संमती नव्हती असं स्त्रीने सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं.

देसाईगंजच्या त्या खटल्याचं नाव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. तुकाराम हा त्या दोन पोलिसांपैकी एक. नावात ती मुलगी नाही, कारण कायद्याच्या लेखी ती पक्षकार नव्हती, साक्षीदार होती. परीक्षेत ‘गुन्हा राज्याविरुद्ध’ असं लिहिशील तेव्हा तिला आठव. राज्य तिच्या बाजूने उभं राहतं म्हणून तिला एकटीने लढावं लागत नाही. पण तिच्या वतीने बोलणाऱ्याने तिचं नीट ऐकलं नाही, तर आपल्याच खटल्यात ती परकी होते. उद्या तो बोलणारा वकील तू असशील.

आता तुझं काम. भाडेकरार आणि पैसे दिल्याची नोंद शोध. मालकाला नोटीस पाठवू, मसुदा तूच लिही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, हेही मैत्रिणींना सांग. रविवारी मसुदा घेऊन घरी ये, सोबत बसून दुरुस्त करू.

तुझा,
मामा