शाकाहारी मुलाच्या मेंदूत जंताची गाठ?

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला फिट आली. एमआरआयमध्ये न्यूरोसिस्टिसर्कोसिस निघाले. आम्ही शाकाहारी, निदान चुकले असेल का?

उत्तर : शाकाहारामुळे हे निदान बाद होत नाही. डुकराचे अर्धकच्चे मांस खाल्ल्याने आतड्यात फीतकृमी वाढतो. मेंदूतली गाठ मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने होते. ती माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि दूषित पाणी, न धुतलेली भाजी किंवा अस्वच्छ हातांवाटे कुणाच्याही ताटात पोचतात. (कोबी उगाच एकटा बदनाम झाला आहे.) शंका घ्यायचीच तर क्षयाच्या गाठीची घ्या, स्कॅनमध्ये ती पुष्कळदा अशीच दिसते, डॉक्टरांना तसे जरूर विचारा.

गाठीतली जिवंत अळी बहुधा गप्प असते. ती मरू लागली की शरीराची प्रतिकारशक्ती तिच्यावर तुटून पडते, भोवती सूज येते आणि फिट येते. म्हणूनच जंताचे औषध परस्पर देऊ नका. अळ्या मरताना सूज वाढते, त्यामुळे अल्बेंडाझोलसोबत स्टिरॉइडही देतात. गाठ विरली तरी फिटची गोळी कशाला, असे वाटेल. पण तिथे कॅल्शियमचा डाग उरला तर फिट पुन्हा येऊ शकते. एकच गाठ असलेल्या बहुतेक मुलांची गोळी पुढे सुटते. ती कधी थांबवायची, हे न्यूरॉलॉजिस्टना स्कॅन पाहून ठरवू द्या. अंडी घरातल्याच कुणाकडून आली असू शकतात, म्हणून घरातल्या सगळ्यांची, स्वयंपाकाला येणाऱ्या व्यक्तीचीही, शौचाची तपासणी करून घ्या.